झिजलेल्या इंजिनाची फेरबांधणी

वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता इतिहास ऐकतो, अर्थकारण ऐकतो, वेदान्तही ऐकतो. परंतु ज्या मोटारीतून तो सभामंडपापर्यंत येतो तिच्या पोटात काय चालते ह्याविषयी त्याला सहसा कोणी सांगत नाही. यंत्राची विद्या ही आपल्याकडे हाताची विद्या मानली गेली, आणि हाताच्या विद्येला व्यासपीठावर बसविण्याची रीत फारशी पडली नाही. आमचे आयुष्य इंजिनिअरिंग कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा आम्हांला थोडीच लाभली. जे काही शिकलो ते फिटर, टर्नर, ग्राइंडर ह्यांच्या शेजारी उभे राहून आणि रात्री दिव्याखाली यंत्रांची माहितीपुस्तके वाचून. म्हणून ह्या लेखासाठी आम्ही त्यांच्याच कामातला एक विषय निवडला आहे. झिजलेले इंजिन पुन्हा कसे बांधतात, आणि तेही अशा मोटारीचे की जी रोज मालकाला कामावर नेते व वर्षातून काही वेळा शर्यतीच्या मार्गावर पूर्ण वेगाने पळविली जाते, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

मोटार शर्यतीच्या मार्गावर नेणे हा श्रीमंतांचा छंद, त्याच्याशी आमचे काय काम, असे कोणी म्हणेल. ह्यावर आमचे उत्तर असे की, केवळ शर्यतीसाठी ठेवलेल्या मोटारीविषयी आम्ही बोलतच नाही. तसल्या मोटारीचे इंजिन एका हंगामापुरते टिकले तरी चालते, आणि ते फुटले तर तिला ट्रकवर घालून घरी नेतात. आमची मोटार मध्यम ऐपतीच्या माणसाची आहे. ती चालवीतच तो शर्यतीच्या मार्गापर्यंत जातो, दोन दिवस तिला पळवितो, आणि तिच्यातूनच परत येऊन सोमवारी सकाळी कामावर हजर होतो. मुलांना शाळेत सोडणारी गाडीही तीच. दोन्ही प्रकारचे काम एकाच इंजिनाकडून घ्यावयाचे असल्याने फेरबांधणीतील लहानसहान दोषही तेथे उघडे पडतात, आणि म्हणूनच शिकावयास ते उदाहरण फार चांगले.

आपल्या देशात मोटारींच्या शर्यती मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर १९५०च्या दशकापासून होऊ लागल्या. तेथे धावणाऱ्या गाड्यांत रोजच्या वापरातील फियाटही असत. पुढे १९९० मध्ये मद्रासलाच इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा स्वतंत्र मार्ग झाला. ह्या मार्गांवर ज्या साध्या घरगुती गाड्यांनी नाव मिळविले त्यांत मारुतीची एस्टीम ही एक ठळक गाडी. ती १९९४ मध्ये बाजारात आली आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वजनाला हलकी, इंजिन खुशीने वर फिरणारे, दुरुस्ती कोणत्याही गावात होणारी. म्हणून हौशी मंडळी आजही ती जपून आहेत. उत्पादन थांबून इतकी वर्षे झाल्यामुळे आता ह्या गाड्यांची इंजिने झिजलेली असणारच. उदाहरणासाठी आम्ही हेच इंजिन घेतो. ते चार सिलिंडरांचे आहे. सिलिंडरचा व्यास, म्हणजे कारागिरांच्या भाषेत बोअर, ७४ मिलिमीटर. पिस्टनची एका दिशेची धाव, म्हणजे स्ट्रोक, ७५.५ मिलिमीटर, चारही मिळून आकारमान १२९८ घन सेंटिमीटर. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असून त्यात बिडाच्या बाह्या, म्हणजे लायनर, बसविलेल्या आहेत.

ह्या आकड्यांवरून थोडे गणित करू, म्हणजे झीज कोठून येते ते कळेल. शहरातून कामावर जाताना इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेरे फिरते. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सव्वासहा मीटर पडतो. शर्यतीच्या मार्गावर तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर जाते. आता पिस्टन एका सेकंदात १०० वेळा वर जाऊन १०० वेळा खाली येतो आणि सरासरी वेग १५ मीटरांवर जातो. येथपर्यंत वाढ अडीचपटीच्या आतच आहे. परंतु पिस्टनला प्रत्येक टोकाला थांबवून उलट फिरविण्यासाठी जे बळ लागते ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५०० वरून ६००० वर गेले की ते बळ पावणेसहापट होते. हे सारे ओझे कनेक्टिंग रॉड, त्याचे दोन बोल्ट आणि बेअरिंगच्या पातळ पट्ट्या ह्यांच्यावर पडते. रोज शांतपणे चालणारे झिजके इंजिन शर्यतीच्या मार्गावर अर्ध्या तासात का फुटते, ह्याचे उत्तर ह्या गणितात आहे. जी ढिलाई २५०० फेऱ्यांवर नुसती कुरकुरते ती ६००० वर हातोड्यासारखी ठोकते.

इंजिन उघडण्यापूर्वी त्याची तक्रार नीट ऐकून घ्यावी. धुराचा रंग पहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तो वेग वाढविताना निघत असेल तर संशय रिंगांवर येतो. उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि नंतर पुन्हा पाय दिला की भपकारा निघत असेल तर व्हॉल्व्हचे सील व गाइड तपासावे. काळा धूर जादा पेट्रोलाचा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा दाट धूर पाण्याचा, म्हणजे बहुधा हेड गॅस्केटचा. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजावा. इंजिन गरम असावे, चारही प्लग काढलेले असावेत आणि पाय पूर्ण दाबलेला असावा. निरोगी स्थितीत हे इंजिन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो दाब दाखविते. आकडा थोडा उतरला तरी घाबरण्याचे कारण नाही. चार सिलिंडरांत आपसात फरक किती आहे हे अधिक महत्त्वाचे. जो सिलिंडर कमी दाखवील त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे, कारण तेलाने फट क्षणभर बुजविली. दाब तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर त्या दोघांमधील गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. शेवटी इंजिन तापल्यावर मंद फेऱ्यांवर तेलाचा दाब पहावा. तो पडत असेल तर क्रँकची बेअरिंगे सैल झाली आहेत, किंवा पंप थकला आहे. अर्ध्या दिवसाची ही तपासणी कित्येकांचा पुढचा खर्च वाचविते, कारण प्रत्येक धूर मारणाऱ्या इंजिनाला पिस्टन बदलावे लागतातच असे नाही.

आता समजा, तपासणीअंती इंजिन उतरविणे भाग आहे असे ठरले. हेड निघाले, ऑइल चेंबर निघाले, पिस्टन बाहेर आले. सिलिंडरच्या वरच्या टोकाजवळ बोट फिरविले तर एक बारीक कंगोरा लागतो. वरची रिंग जेथपर्यंत पोहोचते तेथपर्यंत भिंत झिजली आणि त्यावरची पट्टी कोरी राहिली, म्हणून हा कंगोरा. झीज वरच्या टोकाला सर्वांत जास्त असते ह्याची कारणे तीन. स्फोटाचा दाब तेथे सर्वांत अधिक असतो आणि तोच रिंगेला मागून भिंतीवर दाबतो. तेल तेथे कमीत कमी पोहोचते. आणि पिस्टन तेथे थांबून उलट फिरतो, त्या क्षणी तेलाचा पापुद्रा तुटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला एका बाजूस रेटतो, म्हणून सिलिंडर गोल न राहता किंचित अंडाकृती होतो. थोडक्यात, सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि मधून लांबट होतो. अशा भिंतीवर नव्या रिंगा बसविणे म्हणजे वाकड्या चौकटीत सरळ दार बसविणे होय. काही दिवस ते लागते, मग पुन्हा फट पडते.

किती वाकडे झाले हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून येथून पुढे मापाचे राज्य सुरू होते. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उभ्या-आडव्या दोन दिशांनी, डायल बोअर गेजने मोजावयाचा. चार सिलिंडरांची २४ मापे झाली. क्रँकशाफ्टला पाच मुख्य जर्नल आणि चार कनेक्टिंग रॉडचे, असे नऊ जर्नल. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजला की ३६ मापे. एकंदर ६० मापे झाली, आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड हे अजून बाकीच आहेत. सिलिंडर आणि पिस्टन ह्यांमध्ये सामान्यतः ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर मोकळीक ठेवतात. माणसाचा केस ह्याच्या दुपटीहून जाड असू शकतो. इतक्या बारीक मापात हवामानसुद्धा भाग घेते. अॅल्युमिनियमचा ७४ मिलिमीटरचा पिस्टन दहा अंशांनी तापला तर व्यासात सुमारे ०.०१५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे जवळजवळ अर्धी मोकळीक खाऊन टाकतो. म्हणून जाणता कारागीर उन्हातून आलेला पिस्टन हातात घेऊन लगेच मोजत नाही. ब्लॉक, पिस्टन आणि मोजण्याची हत्यारे एकाच सावलीत रात्रभर ठेवतो आणि सकाळी मोजतो. गिऱ्हाइकाला वाटते, काम पडून आहे.

मापे आली की निर्णय घेता येतो. झीज मर्यादेत असेल आणि भिंत गोल असेल तर हलके होनिंग करून नव्या रिंगा चालतात. नसेल तर सिलिंडर मोठा करावयाचा, म्हणजे बोअर करावयाचा, आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालावयाचे. बोअर केल्याने गाडीची शक्ती वाढते अशी एक समजूत आहे. गणित करून पहावे: ७४ चे ७४.५ केले तर १२९८ चे सुमारे १३१६ होते, म्हणजे अवघी १८ घन सेंटिमीटर वाढ. बोअर करावयाचा तो पुन्हा गोल आणि सरळ भिंत मिळावी म्हणून. जेथे बोअर करण्याइतका धातू उरलेला नसेल तेथे नवी बाही बसवावी लागते.

येथे एक क्रम पाळला पाहिजे, आणि घाईत तोच मोडतो. आधी नवे पिस्टन हातात यावेत, प्रत्येक पिस्टन मोजावा, त्यावर क्रमांक घालावा, आणि त्या-त्या पिस्टनच्या मापाने तो-तो सिलिंडर करावा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून चारही सिलिंडर एकाच मापाचे करून ठेवणे सोपे असते; पण चार पिस्टन अगदी एकसारखे नसतात. बोअर करताना शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी राखून ठेवतात. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा उमटतात. त्या रेघांत तेल टिकते आणि रिंगा भिंतीशी जुळून बसतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसावयास सुंदर, पण तेल धरीत नाही. हेडचे बोल्ट आवळल्यावर ब्लॉक किंचित वाकतो आणि सिलिंडरचा गोलपणा बिघडतो. म्हणून चांगल्या दुकानात हेडच्या जागी जाड पोलादी पाटा त्याच जोराने आवळून मग होनिंग करतात. रोजच्या गाडीला हे नसले तरी चालते. ज्या गाडीला शर्यतीच्या मार्गावर जावयाचे आहे तिच्यासाठी हा खर्च करावा.

रिंगेच्या दोन टोकांत फट लागते, कारण रिंग तापून लांब होते. सर्वसाधारण नियम असा की, बोअरच्या दर इंचाला इंचाचा चार-हजारांश भाग फट ठेवावी; ७४ मिलिमीटरला ती सुमारे ०.३० मिलिमीटर होते. सतत पूर्ण जोराने चालणाऱ्या इंजिनात उष्णता अधिक, म्हणून फट ह्याहून थोडी जास्त ठेवतात. फट कमी पडून टोके एकमेकांना भिडली तर रिंगेला वाढावयास जागा उरत नाही. ती भिंत ओरबाडते किंवा पिस्टनचा काठ फोडते. थोडी फट जास्त झाली तर दाब किंचित कमी होतो एवढेच. दोन चुकांपैकी कोणती सोसवते हे आधी ओळखून त्या बाजूला माप ठेवणे, हे दुहेरी कामाच्या इंजिनाचे मुख्य सूत्र होय. पिस्टनची मोकळीकही ह्याच न्यायाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवावी. मात्र ठोकून घडविलेले शर्यतीचे पिस्टन रोजच्या गाडीत घालण्यापूर्वी विचार करावा. त्यांना मोकळीक जास्त लागते, म्हणून सकाळी थंड असताना ते टकटक करतात, आणि थंड स्थितीतील छोट्या-छोट्या फेऱ्यांत भिंत व रिंगा लवकर झिजतात. कामावर जाणाऱ्या गाडीला साधे ओतीव पिस्टनच अधिक मानवतात.

क्रँकशाफ्टवर चरे असतील किंवा जर्नल अंडाकृती झाले असतील तर ते ग्राइंड करून त्या मापाची जाड बेअरिंगे घालतात. ग्राइंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई जशीच्या तशी राखली पाहिजे. तेथे काटकोनी धार राहिली तर तिथूनच भेग सुरू होते आणि एके दिवशी क्रँक तुटतो. ग्राइंडिंगपूर्वी चुंबकाने व लोखंडी भुकटीने भेगा तपासून घ्याव्यात. तेलाची भोके तारेच्या ब्रशने आरपार साफ करावीत, कारण घर्षणाची भुकटी तेथेच दडते. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने वापरू नयेत. त्यांच्यावर ते पावणेसहापट ओझे येते आणि ते किती ताणले गेले आहेत हे नुसते पाहून कळत नाही. दोन-चार बोल्टांची काटकसर करून अख्खे इंजिन धोक्यात घालणे हा हिशेब आम्हांला कधी समजला नाही.

हेडचे काम थोडक्यात सांगतो. सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज सरकवावा, ०.०५ मिलिमीटरहून अधिक वाक असेल तर फेसिंग करावे, पण लागेल तेवढेच, कारण हेड जितके घासावे तितका दाब वाढतो आणि इंजिन ठोके देऊ लागते. गाइड सैल असतील तर बदलावे, मग सीट कापाव्यात, मग व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासावे. गाइड बदलण्यापूर्वी सीट कापणे म्हणजे केलेले काम पुन्हा करणे. शेवटी हेड उलटे ठेवून ज्वलनाच्या खळग्यात रॉकेल भरावे. काही वेळाने व्हॉल्व्हच्या कडेने पाझर दिसला नाही तर काम झाले.

बांधणीपूर्वीची धुलाई हे ह्या विद्येतील सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. होनिंगच्या दगडाचे कण भिंतीच्या रेघांत रुतून बसतात. पेट्रोलने ते निघत नाहीत. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासावे लागते, आणि मग तेलात बुडविलेले पांढरे फडके फिरवून पहावे. फडके करडे निघाले की पुन्हा धुवावे. पांढरे निघेपर्यंत धुवावे. हे न केले तर नव्या रिंगा पहिल्याच दिवशी पॉलिश पेपरवर चालू लागतात. बांधताना प्रत्येक बेअरिंगची टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पहावा. तो कोठे जड झाला हे त्याच क्षणी कळते. सर्व आवळून झाल्यावर कळले तर दोष शोधणे कठीण. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. हाताच्या अंदाजावर ज्यांचा विश्वास आहे अशा कित्येक उत्तम कारागिरांना आम्ही ओळखतो. त्यांच्यातील जाणतेसुद्धा येथे पान्यावर विश्वास ठेवतात.

आता शर्यतीच्या मार्गासाठी वेगळे काय करावे? आमचे मत असे की, शक्ती वाढविण्यापूर्वी तेल आणि पाणी ह्यांची व्यवस्था लावावी. चांगल्या टायरांवर गाडी लांब वळणात पूर्ण वेगाने वळते तेव्हा बाजूचा रेटा गुरुत्वाच्या आठ-दशांशापर्यंत जातो. त्या वेळी ऑइल चेंबरमधील तेलाचा पृष्ठभाग सुमारे ४० अंशांनी कलतो. सारे तेल एका भिंतीला जाऊन बसते आणि पंपाची नळी हवा ओढू लागते. इंजिन ६००० फेऱ्यांवर असताना दोन-तीन सेकंद बेअरिंगला तेल मिळाले नाही तर नवी बेअरिंगेही वितळतात. रस्त्यावर असे वळण कधी येत नाही, म्हणून कारखान्याने त्याची सोय केलेली नसते. उपाय स्वस्त आहे. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या जोडून तेल अडवावे, आणि तेलाची पातळी दांडीवरील वरच्या खुणेवर ठेवावी. रेडिएटर आतून साफ असावा, पंखा ठीक असावा, आणि तेल थंड करणारी जाळी बसविता आली तर बसवावी. वेगाने पळवून झाल्यावर एक फेरी सावकाश घालून मग इंजिन बंद करावे.

पेट्रोलाविषयीही आज सांगितले पाहिजे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याची वेळ आली. इथेनॉलने ठोके कमी होतात हे खरे. परंतु जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील त्यासाठी बनविलेले नव्हते, आणि इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेला पेट्रोल अधिक द्यावे लागते. कार्ब्युरेटर जुन्याच मापाचा ठेवला तर मिश्रण पातळ होते आणि पूर्ण जोरावर पिस्टन तापतात. इंजिन उतरलेलेच आहे तर त्याच वेळी नळ्या बदलाव्यात आणि मिश्रण तपासून घ्यावे.

नवे बांधलेले इंजिन पहिल्याच आठवड्यात शर्यतीला नेऊ नये. सुरू झाल्यावर ते उगाच मंद फेऱ्यांवर घरघरत ठेवू नये. गाडी रस्त्यावर काढावी. जोर द्यावा, मग पाय काढावा, पुन्हा जोर द्यावा. जोर दिला की स्फोटाचा दाब रिंगांना भिंतीवर घट्ट दाबून जुळवितो. एकाच वेगाने तासन्तास जाणे, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हावयास लावणे, ही दोन्ही टाळावीत. शंभरेक किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलावा, आणि जुना फिल्टर कापून त्यात चमकणारे कण दिसतात का पहावे. थोडी करडी भुकटी अपेक्षितच असते; तांबूस किंवा चंदेरी तुकडे दिसले तर बेअरिंग बोलत आहे, गाडी थांबवावी. हजार किलोमीटरला पुन्हा तेल बदलावे, आणि दीडेक हजार झाल्यावर, दाब पुन्हा मोजून, मग शर्यतीच्या मार्गाचा विचार करावा. रोजचा प्रवास येथे उपयोगी पडतो, कारण इंजिन जुळविण्याचे काम कामावर जाता-येता आपोआप होते.

आता हे काम करणाऱ्या माणसांविषयी. बोअरिंग, ग्राइंडिंगची दुकाने बहुधा दोन-चार माणसांची असतात. तेथे पेट्रोलने भाग धुतले जातात, आणि त्याच्या वाफा माणूस दिवसभर ओढतो. आगीचे भय वेगळेच. जुने इंजिन-तेल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर कर्करोगाचा धोका असतो. जुन्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ती कोरडी खरवडली की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि पुष्कळ वर्षांनी रोग दिसतो. भाग रॉकेलने झाकलेल्या भांड्यात धुणे, गॅस्केट ओली करून काढणे, हातमोजे, हवेशीर जागा, ह्या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. पण त्या मागण्यासाठी तेथे संघटना नसते, आणि त्या देण्याची सवय मालकालाही नसते. तोही बिचारा त्याच धुरात उभा असतो.

शिवाय एक गोष्ट बिलातच लपलेली आहे. बिलात पिस्टनची किंमत असते, रिंगांची असते, बेअरिंगची असते, बोअर करण्याची मजुरी असते. त्या ६० मापांची ओळ आम्ही कोणत्याही बिलात पाहिलेली नाही. पांढरे फडके करडे निघाले म्हणून पुन्हा धुण्यात गेलेल्या तासाची ओळही नसते. गिऱ्हाईक पिस्टनच्या किमतीवर घासाघीस करू शकत नाही, ती छापलेली असते. म्हणून तो मजुरी तोडतो, आणि गाडी उद्याच हवी म्हणतो. कारागिराला दोन दिवसांचे काम एका दिवसात आणि तीन-चतुर्थांश पैशांत करावयाचे असते. बोअर करण्याचे तो टाळू शकत नाही, पिस्टन घालण्याचे टाळू शकत नाही, कारण ते दिसते. जे दिसत नाही तेच गाळले जाते. रात्रभर सावलीत ठेवणे जाते, दुसऱ्यांदा मोजणे जाते, तिसऱ्यांदा धुणे जाते. दोन महिन्यांनी इंजिन पुन्हा तेल खाऊ लागते, आणि मग आपण म्हणतो, हल्ली चांगले कारीगर राहिले नाहीत. चांगल्या कारागिराला आपणच त्याच्या कामातील उत्तम भाग फुकट करावयास लावला, आणि फुकटाचे काम कोणीही कायम करीत नाही.

म्हणून आमची श्रोत्यांना विनंती अगदी व्यवहाराची आहे. इंजिनाचे काम देताना मापांचा कागद मागावा. प्रत्येक सिलिंडरची सहा मापे, प्रत्येक जर्नलची चार मापे, पिस्टनचे माप, ठेवलेली मोकळीक, रिंगेची फट, हे सारे त्यावर लिहिलेले असावे. आणि त्या कागदाचे वेगळे पैसे, न मागता, द्यावेत. काम उद्या नको, परवा द्या, असे स्वतःहून सांगावे. शिकाऊ मुलगा मोजत असेल तर त्याला घाई करू नये. मोटार मेकॅनिकचा आय.टी.आय.चा अभ्यास दोन वर्षांचा असला तरी बोटांना शतांश मिलिमीटर कळावयास त्याहून जास्त काळ लागतो, आणि तो काळ ह्याच दुकानात घालवावा लागतो. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढत जातील, बोअरिंगची यंत्रे कदाचित कमी होतील. पण त्या गाड्यांनाही बेअरिंगे आहेत, शाफ्ट आहेत, आणि मोजणाऱ्या हातांवाचून त्यांचेही चालणार नाही.

शर्यतीच्या मार्गावरील लांब वळणात, पाय पूर्ण दाबलेला असताना, चालविणाऱ्याचा भरवसा शेवटी एका अनोळखी माणसावर असतो. ज्याने ते जर्नल दुसऱ्यांदा मोजले, किंवा मोजले नाही, तो हा माणूस. सोमवारी मुलांना शाळेत सोडताना भरवसा त्याच्यावरच असतो. त्याला वेळ देणे आणि त्या वेळेचे दाम देणे, इंजिनाच्या फेरबांधणीची सुरुवात आम्ही येथून मानतो.